इंजिनीअरसाहेबांची सख्खी बहीण

माझा धाकटा भाऊ या देशाचा बांधकाममंत्री आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायचं तेवढं मिरवून झालंय माझं. आता कुणी विषय काढला की मी तोंडात मिठाची गुळणी धरते आणि भाजीच्या पिशवीत डोकावत बसते.

लोक त्याला इंजिनीअरसाहेब म्हणतात. संसदेत त्याला शिव्या घालणारेसुद्धा आधी इंजिनीअरसाहेब म्हणतात, मग शिव्या घालतात. कामावर जाऊन त्यानं शेवटची वीट हातात घेतली त्याला तीस वर्षं उलटली असतील, पण नाव चिकटलं ते चिकटलं. घरात तो नुसता धाकटा. आई-वडील वर्षभराच्या अंतरानं गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी अठरा. मी बांधकाम खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे काय ते आता कुणाला ठाऊक नसतं. इंजिनीअर पेन्सिलीनं नकाशा काढायचा, त्यावर पारदर्शक मेणकापड अंथरून आम्ही तो काळ्या शाईनं गिरवायचो. अक्षरं सगळी एका उंचीची, छापल्यासारखी. चुकलं तर पुसायची सोय नाही. दाढीचं ब्लेड घ्यायचं आणि वाळलेली शाई अलगद खरवडून काढायची, कापडाला ओरखडा न पडता. त्या कामात माझा हात धरणारं अख्ख्या ऑफिसात कुणी नव्हतं. धाकट्याच्या कॉलेजच्या निम्म्याहून जास्त शीट मीच काढल्या. ड्रॉइंगमध्ये तो वर्गात पहिला आला आणि मी शेजारपाजारच्यांना पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली.

आमचे हे त्याच खात्यात ओव्हरसियर होते. सरळ माणूस, पण एक खोड भारी. लिहून दिल्याशिवाय खिळा हलवायचे नाहीत.

बांधकामावर हुकूम तोंडी सुटतात. साहेब जीपमधून उतरतो, बोट दाखवतो, ‘हे तोडा, ते ओता’ म्हणतो आणि धूळ उडवत निघून जातो. पुढं काही बिनसलं की तोच साहेब कानावर हात ठेवतो. ह्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी आपल्या वरच्या माणसाला असं बळी जाताना बघितलं होतं. तेव्हापासून हे खिशातून पॅड काढायचे आणि म्हणायचे, “साहेब, एवढं लिहून द्या.” कुणी हसायचं, कुणी डाफरायचं, पण देत. साइटवर ह्यांचं नाव पडलं चिठ्ठीबहाद्दर. सुतार, गवंडी, पाणी मारणारी पोरं, सगळे पाठीमागे तेच म्हणायचे आणि ह्यांना ते माहीत होतं.

संध्याकाळी घरी आले की शर्टाच्या खिशातून दिवसाच्या चिठ्ठ्या काढून माझ्या हातात द्यायचे. साइटच्या कपाटात ठेवायचे नाहीत, तिथं कागदांना पाय फुटतात म्हणायचे. मी प्रत्येक चिठ्ठीवर सहीच्या खाली लाल शाईनं तारीख घालायची, माझ्या ट्रेसरच्या अक्षरात, आणि फाइलला लावायची. नक्कल मात्र कधी काढली नाही. “नक्कल केली की अस्सलाची किंमत जाते,” असं त्यांचं मत. कागदावर एवढा विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कागदसुद्धा कुणीतरी सांभाळावा लागतो हे कधी सुचलं नाही. आणि सांभाळणारी घरचीच असली तर काय सुचायचंय.

धाकटा इंजिनीअर होऊन आमच्याच खात्यात आला आणि चौथ्या वर्षी ह्यांच्याच डोक्यावर बसला. वयानं अकरा वर्षांनी लहान, हुद्द्यानं दोन पायऱ्या वर. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी त्याच्यापुढं पॅड धरलं.

“भावजी, माझ्याकडूनही?”

“तुझ्याकडून तर आधी.”

दोघं रविवारी आमच्या स्वयंपाकघरात ते सांगून सांगून हसले. मीही हसले. बाई गं, किती हसलो आम्ही.

मग त्या शाळेच्या सभागृहाचं काम आलं. मोठा हॉल, मधे एक खांब नाही. असा स्लॅब ओतला की खाली टेकूंचं रान उभं असतं आणि एकवीस दिवस त्याला हात लावायचा नसतो. काँक्रीट वरून टणक दिसतं, आतून हिरवं असतं. हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण चौदाव्या दिवशी त्या वेळचे मंत्री हॉल बघायला येणार असं ठरलं, आणि मंत्र्यांचा फोटो टेकूंच्या गर्दीत कसा काढायचा? अकराव्या दिवशी संध्याकाळी धाकट्यानं साइटवर येऊन सांगितलं, “उद्या सकाळी टेकू काढून घ्या.”

हे म्हणाले, “अजून दहा दिवस आहेत.”

“मी हिशोब केलाय. थंडी नाही, काँक्रीट चांगलं आहे, काढा.”

“लिहून दे.”

त्यानं दिलं. पॅडच्या अर्ध्या पानावर, पेननं. ‘हॉलचे टेकू उद्या सकाळी काढावेत.’ खाली सही, वेळ. ती चिठ्ठी ह्यांनी घरी आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “तुझा भाऊ घाई करतोय.” मी सहीखाली लाल तारीख घातली, फाइलला लावली आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला स्लॅब खाली आला. दोन सुतार आणि फळ्या उचलणारी एक बाई. बाईचं वय एकवीस होतं.

मी ऑफिसातून धावत घरी पोचले तोवर ह्यांना पोलिसांनी साइटवरूनच नेलं होतं. एक वाजता धाकटा दारात. बुटांवर सिमेंटची धूळ, शर्टाच्या बाहीवर रक्त, दुसऱ्याचं.

“ताई, कालची चिठ्ठी दे.”

“ती कशाला?”

“दोघंही आत गेलो तर बाहेरून धावपळ कोण करणार? भावजी ओव्हरसियर, त्यांना फार तर घरी बसवतील. मी इंजिनीअर, मला फाडून खातील. मला बाहेर राहू दे. आठ दिवसांत त्यांना सोडवून आणतो.”

“आणि चिठ्ठी?”

“माझ्याकडे सुरक्षित राहील.”

मला फसवलं असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. खोटं आहे ते. मी अठरा वर्षं त्या खात्यात काढली होती. ती चिठ्ठी म्हणजे कुणाची मान आणि ती गेली की कुणाची मान, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला नवऱ्यापेक्षा भाऊ जास्त प्रिय होता, बस्स. ह्याचं नाक मी पुसलं होतं, ह्याच्या शीट मी काढल्या होत्या, ह्याच्या अंगावरचा तो इंजिनीअरचा शर्ट माझी कमाई होती. मी फाइल उघडली, चिठ्ठी काढली, दिली. पाणी विचारलं, तो नको म्हणाला.

आठ दिवसांचे आठ महिने झाले आणि खटला उभा राहिला. हे पिंजऱ्यात उभं राहून शांतपणे म्हणाले, “हुकूम लेखी होता. चिठ्ठी घरी आहे, माझ्या बायकोकडे.” फाइल कोर्टात आली. सरकारी वकिलानं ती अशी हातावर तोलून दाखवली. खिळे बदलायची चिठ्ठी आहे, पाण्याचा पाइप सरकवायची चिठ्ठी आहे, कुत्रं हाकलायचीसुद्धा चिठ्ठी आहे, म्हणाला, फक्त हवी तीच नाही. ज्या माणसाकडे कुत्र्याची चिठ्ठी असते त्याच्याकडे ही नाही याचा अर्थ ती कधी नव्हतीच. चांगल्या सवयीनं माणसाचा गळा कसा आवळता येतो ते मी त्या दिवशी बघितलं.

मग मला उभं केलं. “अशी चिठ्ठी तुम्ही पाहिली होती का?”

“नाही.”

हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस ओरडणार, ही खोटं बोलतेय म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो. ते आपले आठवत होते. भुवया आक्रसून, त्या संध्याकाळी खिशात हात घातला होता का, काय काढलं, कुणाला दिलं, असं आठवत होते. माझ्या शब्दावर त्यांचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास होता. त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

धाकट्यानं मात्र कमाल केली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं राजीनामा दिला आणि वर्तमानपत्रवाल्यांना बोलावून सांगितलं की चौकशीत पहिली साक्ष त्यानं स्वतः दिली, सख्ख्या मेहुण्याविरुद्ध. “मी माझ्या सख्ख्या बहिणीचं घर मोडलं, पण त्या तीन मेलेल्यांशी बेइमानी केली नाही.” हे वाक्य त्यानं पुढं किती वेळा म्हटलं याची गणती नाही. आधी शहराच्या निवडणुकीत, मग प्रांताच्या, मग देशाच्या. दर वेळी ‘सख्ख्या’वर आवाज जरासा फाटायचा, बरोबर त्याच ठिकाणी. एका सभेत मला स्टेजवर बसवलं. मी गेले. ह्यांची शिक्षा थोडी कमी करून घेतो म्हणाला होता, आणि खरंच चार महिने कमी झाले, नाही म्हणायला नको. तो माझ्याकडे हात करून म्हणाला, “ही ती बहीण.” मैदानभर टाळ्या. मी उठून हात जोडले. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

पुढं मंत्री झाल्यावर त्यानं कायदा आणला. इंजिनीअरच्या लेखी हुकुमाशिवाय कुठल्याही बांधकामाचा टेकू काढायचा नाही. संसदेत म्हणाला, “एका चिठ्ठीच्या अभावी तीन जीव गेले.” हे घरी बसून पेपरात ते वाचत होते. वाचून झाल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, “बरोबर बोलला.”

सुटून आले त्या दिवशी ह्यांनी बूट काढले आणि आधी फाइल मागितली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली. मग जुने शर्ट, पॅंटचे खिसे, कोटाचं अस्तर. मग ट्रंक. मग पलंग सुटा केला. “खिशातून काढली, हे मला स्वच्छ आठवतंय,” म्हणाले. “तुला दिली होती का गं?”

“नाही बहुतेक,” मी म्हटलं.

ते ‘बहुतेक’ मी मुद्दाम घातलं. नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर कदाचित एखाद दिवस भांडले असते. ‘बहुतेक’ म्हटल्यावर माणूस आपल्या मनातच शोधत राहतो.

आणि राहिले. सव्वीस वर्षं. हार्डवेअरच्या दुकानात खिळे-स्क्रू मोजून द्यायची नोकरी धरली, तिथून सुट्टीच्या दिवशी घरी असले की शोधायचे. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला तो गेलाच. कुलूप लावून तीनदा परत यायचे. गॅस बंद केलाय का म्हणून रस्त्यातून फोन करायचे. दुकानात गिऱ्हाईकाला दिलेल्या सुट्या पैशांबद्दलही घरी येऊन विचारायचे, बरोबर दिले असतील ना गं? कधी कधी स्वतःच हसायचे. “काखेत कळसा अन् गावाला वळसा, असंच काहीतरी झालं असणार. इथंच कुठंतरी आहे ती.” मी म्हणायची, बसा आता, चहा गार होतोय.

या वर्षी सरकारनं जुने खटले परत तपासायची समिती नेमली. शेजारच्यांची सून वकील आहे, धडपडी पोरगी, तिनं ह्यांना गाठलं. “काका, तुमच्यावरचा डाग पुसता येईल. मात्र एक तर ती चिठ्ठी हवी, नाहीतर इंजिनीअरसाहेबांचा जबाब, की हुकूम मी दिला होता. सोमवार शेवटचा दिवस.” हे एकाहत्तर वर्षांचे. छाती अधूनमधून दुखते. मला म्हणाले, “तू जाऊन ये त्याच्याकडे. तो कबूल नाही करणार, पण ‘मला आठवत नाही’ एवढं म्हणाला तरी पुरे. मरताना कपाळावर तीन खून नकोत गं मला.”

मी शुक्रवारी सकाळी गेले. मंत्र्याच्या बंगल्यात बाहेरच्या खोलीत बावीस माणसं बसली होती, सगळ्यांच्या मांडीवर फायली. त्याच्या सचिवानं मला ताईसाहेब म्हणून थेट आत नेलं. आतली खोली थंडगार. काचेच्या पेटीत एका पुलाचं लाकडी मॉडेल, बारक्या मोटारींसकट. धाकटा उठून पुढं आला, माझी पिशवी स्वतः घेतली, खुर्ची सरकवली. साठीचा झालाय. केस काळे करतो, हातांची नखं मात्र बाबांसारखी.

मी सगळं सांगितलं.

“जबाब नाही देता यायचा, ताई,” म्हणाला. “माझी अख्खी कारकीर्द त्या स्लॅबवर उभी आहे.”

“पडलेल्या स्लॅबवर.”

“पडलेल्यावरच. उभे स्लॅब पुष्कळांनी बांधले, त्यांना कोण विचारतं?” तो हसला. मलाही हसू येणार होतं, इतकं ते लहानपणीसारखं होतं. मग त्यानं मागच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातून ती चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली.

“तू जाळली नाहीस?”

“कागद फाडायचा नसतो. भावजींनीच शिकवलं.” त्यानं पाकीट माझ्याकडे सरकवलं. “घेऊन जा.”

“काय?”

“ने. मी हरकत घेणार नाही. सही माझी आहे, कबूल करीन. मंत्रिपद जाईल माझं, कदाचित आतही जाईन. पण तू नीट बघ ती.”

मी बघितलं. त्याची सही, आणि सहीच्या शेपटाला खेटून माझी लाल तारीख. छापल्यासारखी, एका उंचीची. या जगात ते अक्षर ओळखणारा एक माणूस आहे आणि तो माझ्या घरी ट्रंक उपसत बसलाय.

“तुझ्या हातात आली होती, तू फाइलला लावली होतीस, आणि कोर्टात शपथेवर पाहिली नाही म्हणालीस,” धाकटा म्हणाला, अगदी मायेनं. “मला लोक काय म्हणायचं ते म्हणतील, मी राजकारणातला आहे. भावजी तुला काय म्हणतील? तुझं तू ठरव, ताई. मी तुझ्यावर कधी जबरदस्ती केलीय का?”

नव्हती केली. तेच तर. केसानं गळा कापणं म्हणतात ते यालाच, आणि केसही माझाच. त्यानं मला दारापर्यंत सोडलं, ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. मी नको म्हटलं.

चिठ्ठी पर्समध्ये टाकून मी बाहेर रस्त्यावर आले. आणि मग मला जी अक्कल सुचली ती सुचली. मला वाटलं, सही राहू दे, तारीख जाऊ दे. दोन्ही वाचतील. ह्यांचं नावही आणि माझं घरही. चिठ्ठी कुठल्याशा जुन्या पुस्तकात सापडली म्हणेन. सव्वीस वर्षं ट्रंका उपसणारा माणूस, पण माझ्या पुस्तकांना त्यानं कधी हात लावला नव्हता. मी स्टेशनरीच्या दुकानातून ब्लेडचं पाकीट घेतलं आणि सार्वजनिक वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. समोर एक म्हातारा पेपरावर डोकं ठेवून झोपला होता. ऊन चांगलं होतं. ब्लेड आडवं धरलं, श्वास रोखला आणि खरवडायला लागले.

हात थरथरत नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी. पहिला आकडा गेला, दुसरा गेला, कागदावर नुसता गुलाबी धुरकटपणा उरला. काय सांगू, मला अभिमान वाटला. त्या क्षणी, त्या कामासाठी, मला स्वतःचा अभिमान वाटला. अख्ख्या ऑफिसात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, तशीच मी तोऱ्यात पुढं गेले.

पण मी हयातभर खरवडलं ते मेणकापड. कापड सोसतं. हा पॅडचा स्वस्त कागद, एकतीस वर्षं वाळलेला. सहीच्या शेपटाशी टेकलेला महिन्याचा आकडा काढताना ब्लेडखाली एक पापुद्रा उचलला गेला. मी थांबायला हवं होतं. मी तो बोटानं दाबला, परत ब्लेड लावलं, आणि सहीच्या जागी आरपार भोक पडलं. धाकट्याच्या सहीचा पहिला फराटा तेवढा राहिला. बाकीची सही टेबलावर भुकटी होऊन पडली होती, लाल-निळी, चिमूटभर.

आता ती चिठ्ठी म्हणजे खरवडलेला, भोक पडलेला एक कागद. समितीतला कारकूनसुद्धा म्हणेल बनावट आहे. उलट अर्जदारानं खोटा पुरावा केला म्हणून म्हाताऱ्याला परत आत घालतील. धाकट्यानं मला ती दिली तेव्हा असंच होणार हे त्याला माहीत होतं का? मला वाटतं होतं. माझ्या शीटवर पास झालाय तो, माझा हात कुठं वळेल ते त्याच्याइतकं कुणाला कळणार. मी भुकटी पुसली, कागद पर्समध्ये ठेवला आणि घरी आले.

वकीलबाई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. ह्यांनी दार उघडलं.

“काय म्हणाला?”

“नाही म्हणाला.”

“वाटलंच होतं.” त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. “उगाच पाठवलं तुला. त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं माझ्यापायी. बस, पाणी घे.”

वकीलबाई म्हणाली, “काकू, मग एकच रस्ता उरतो. काकांनी प्रतिज्ञापत्र द्यायचं. हुकूम लेखी होता, पण तो कागद माझ्या निष्काळजीपणामुळे हरवला असं कबूल करायचं. निर्दोष नाही ठरवणार, पण वय बघून शिक्षेचा शेरा सौम्य करतील, असं मला वाटतं. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. कोर्टातही तुम्हीच साक्ष दिली होती ना.”

“वाचून दाखवतो तिला,” हे म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. सावकाश, शब्द न शब्द तोडून वाचायला लागले. दिनांक अमुक रोजी मला लेखी हुकूम मिळाला. सदर चिठ्ठी माझ्या हातून गहाळ झाली. गेली सव्वीस वर्षे मी ती शोधत आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. इथं ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

“पुढचं वाक्य मी घालायला सांगितलं,” म्हणाले. “ही पोरगी नको म्हणत होती, गरज नाही म्हणून. पण उद्या मी नसलो आणि कुणी तुला येऊन छळलं तर? ऐक. ‘यात माझ्या पत्नीचा कोणताही दोष नाही. तिने त्या वेळी जे सांगितले ते खरे सांगितले, आणि मी तिला त्याबद्दल एकदाही विचारून त्रास द्यायला नको होता.’”

माझ्या मांडीवर पर्स होती. मी तिची चेन धरून बसले होते. सांगायचं असतं तर तेव्हा सांगायचं होतं, यापुढं कधीच नाही, हे मला पक्कं कळत होतं. वकीलबाई पेनाचं टोपण काढून वाट बघत होती.

“अगं, रडतेस कशाला?” हे म्हणाले. “मला तर हलकं वाटतंय. इतकी वर्षं वाटायचं, मी नसेन हरवली, कुणीतरी घेतली असेल. कुणाकुणावर मनात संशय घेतला मी, तुला सांगता येणार नाही. आता लिहूनच टाकलं ना, की मीच हरवली. संपलं.”

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. मी सही केली.